पिशवीतली होडी

शेवटच्या आजारपणात माझ्या बायकोनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी. मी ते दिलं नाही.

लांब होतं म्हणावं तर तसंही नाही. आमच्या अंगणात उभं राहिलं की खाली खाडी दिसते आणि खाडीच्या मधोमध जुवं दिसतं. जुवं म्हणजे खाडीतलं बेट. त्यावरचे माड इथून मोजता येतात. चहूकडे खारं पाणी, आणि मधे एक गोडी विहीर. ती विहीर तिच्या माहेरच्या मागच्या दाराशी.

मी म्हटलं, "नळाचं पाणी काय विष हाय काय?"

"विष नाय हो. पण तोंडाला चव नाय. एक कळशी आणा ना."

"आणू कशातनं? होडी हाय काय आपल्याकडं?"

ती म्हणाली, "बरं. भांगाला बघू."

अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, खाडी निवांत असते. त्या दिवसांना आमच्याकडे भांग म्हणतात. पाण्यातनं कुठं जायचं झालं की ती आधी भांग बघायची. दोन भांग आले नि गेले. तिसऱ्याला ती नव्हती.

होडी नव्हती, कारण ती मी विकली होती. कोणाची मागून आणता आली असती. तीही मागितली नाही. आळस. दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही, आणि मी खूप शोधलंय.

मी मूळचा खाडीचा नाही. आमची वाडी वर डोंगरात, तिथं पाणी म्हणजे पावसाचा पऱ्ह्या, ओढा. चौथी झाल्यावर शाळा सुटली, मग काजूच्या कारखान्यात लागलो, तो म्हातारा होईपर्यंत. लग्न ठरलं तेव्हा आमची माणसं म्हणाली, मुलगी खाडीतली हाय, हिला डोंगर चढवेल काय? डोंगर ती चढली. होडी मला वल्हवता येत नव्हती.

लग्नानंतर पहिल्यांदा तिला माहेरी घेऊन गेलो तो दिवस मला काल झाल्यासारखा आठवतो. तिचे दोघे भाऊ जुव्यावर उभे राहून बघत होते. जावई आपल्या हातानं होडी आणतो की नाही, ही त्यांची परीक्षा. वल्हं मी मारलं, होडी जागच्या जागी फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. खाडीच्या मधे तीन गिरक्या झाल्या. पलीकडनं मेव्हणा ओरडला, "भावोजी, तुळशीला प्रदक्षिणा घालताव काय?"

ती मागे बसली होती. पदर तोंडावर धरून हसत होती. मग हळूच, भावांना ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "हातानं मारू नका. हात दुखतील नि होडी फिरेल. कमरेनं मारा."

"कमरेनं म्हणजे?"

"भात झोडताना कसे वळता? तसं वळायचं."

भात झोडायला मला येत होतं. होडी सरळ गेली. भावांनी टाळ्या वाजवल्या आणि तिनं सगळं श्रेय मला दिलं. पुढं जन्मभर ती मागे बसून होडीचं तोंड धरायची आणि मी पुढं बसून वल्हं मारायचो. लोकांना वाटायचं होडी मी चालवतो.

पुढं आम्ही खाडीच्या काठाला घर बांधलं, आमची स्वतःची होडी केली. दर वर्षी वैशाखात होडी पालथी घालायची आणि तिला काजूचं तेल द्यायचं. काजूच्या टरफलातनं निघतं ते काळं जाड तेल. लाकडाला ते पाजलं की कीड लागत नाही, खारं पाणी शिरत नाही. मी कारखान्यातनं डबा आणायचो. पण ते हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. ती कोपरापर्यंत खोबरेल चोपडायची आणि चिंध्यांचा बोळा करून तेल लावायची. एका वर्षी माझ्या हातातनं डबा निसटला आणि तिच्या उजव्या मनगटावर उडालं. डाग शेवटपर्यंत होता. बांगड्या ती त्याच्या वर सरकवून घालायची, कोणी विचारू नये म्हणून.

जुव्यावरची माणसं हळूहळू उठली. कोणी मुंबईला, कोणी पोरांच्या शाळेसाठी अलीकडं. तिचे भाऊ वारले. घरं बंद झाली. मग माझे गुडघे गेले. हेदवीकडं समुद्रावर पर्यटकांना खोल्या देणारा एक जण आला, म्हणाला, काका होडी द्या, शोभेला पाहिजे. देऊन टाकली. होडी नेली तेव्हा बायको खाली आली नाही, वर तांदूळ निवडत बसली.

ती गेल्यावर पावसाळा कसा गेला मला सांगता येणार नाही. दिवाळीनंतर एका सकाळी अंगणात चूळ भरत होतो, समोर जुवं दिसत होतं, आणि मनात आलं की माघात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी तिच्या पानावर पाणी ठेवायचं ते त्या विहिरीचं. आणि ते मी आणायचं. शेजारचा म्हणाला, माझी मशीनची होडी आहे, दहा मिनिटांत नेऊन आणतो. मी नको म्हटलं. दहा मिनिटांत आणायचं असतं तर ती जिवंत असताना आणलं असतं.

मग होडी बघायला लागलो. लाकडाची नवी करायची तर ते आता माझं काम नाही. शिवाय घरापासून खाडीपर्यंत जांभ्याच्या एकशे बारा पायऱ्या आहेत आणि काठावर होडी ओढून ठेवायला चार हात लागतात. मला पाहिजे होती एकट्यानं खाली नेऊन एकट्यानं वर आणता येईल अशी. आणि स्वस्त. म्हणून मी त्याच हेदवीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे पर्यटकांना बसायला त्या नव्या तऱ्हेच्या होड्या असतात, कयाक म्हणतात त्यांना.

त्यानं नारिंगी प्लास्टिकची एक दाखवली. "काका, ही न्या. जुनी हाय, कमी किमतीत देतो. खडकावर आपटलीत तरी काय होणार नाय."

मी एक टोक उचललं. कमरेत कळ आली.

"ही दोघांनी उचलायची असते," तो म्हणाला.

"मग माझ्या पायऱ्यांवर रोज तू येणार काय?"

तो हसला. "मग तुम्ही हवेची घ्या. पंपानं फुगवायची, काम झालं की हवा सोडून घडी घालायची, पिशवीत भरायची."

"फुग्यात बसून खाडीत जाऊ?"

"फुगा नाय हो. तीन कप्पे असतात. दोन बाजूंचे दोन आणि बुडाचा एक. एकाची हवा गेली तर दुसरे तरंगवतात. फक्त पोरांच्या खेळण्यातली घेऊ नका. जाड कापडाची बघा. तुमच्याकडं काठाला कालवं हायत ना? त्या शिंपल्यांच्या धारेनं पातळ कापड पहिल्याच दिवशी फाटेल. आणि खाली शेपटासारखी पट्टी असते, ती असलीच पाहिजे. नायतर जागेवर फिराल."

जागेवर फिरायचं मला ठाऊक होतं.

जाताना बागेत आमची होडी दिसली. तिच्यात माती भरून झेंडू लावलाय. बाहेरून पांढरा रंग दिलाय. एक बाई त्यात पाय सोडून फोटो काढून घेत होती. ती गेल्यावर मी जवळ जाऊन नखानं जरा रंग खरवडला. खाली काळं होतं. आमचं काळं. तिथं फार वेळ उभा राहिलो नाही.

मुलगी ठाण्याला असते. तिला फोन केला.

"बाबा, तू वेडा झालास काय? या वयात खाडीत?"

"मला पोहता येतं."

"कधी पोहलास शेवटचा? मी लहान होते तेव्हा!"

"तू मागवतेस की मी कोणा दुसऱ्याला सांगू?"

"जाकीट पण मागवणार. ते घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाय. घातल्याचा फोटो पाठवायचा."

"पाठवतो गो बाय."

तिनं फोनवर बघून बघून मला वाचून दाखवलं. ही हलकी पण पातळ. ही जाड पण महाग. एक होती घडी घालता येणारी, फळ्यांची, तिची किंमत ऐकून मी पुढं वाच म्हटलं. शेवटी एक ठरली. जाड कापडाची, तीन कप्प्यांची, खाली पट्टी असलेली. एका चांगल्या बोकडाच्या किमतीत.

"एका माणसाची घेऊ की दोघांची?"

"दोघांची," मी म्हटलं.

ती म्हणाली, "दोघांची जरा जड असते, बाबा."

"कळशी ठेवायला जागा नको काय?"

"हं," ती म्हणाली. एवढंच.

आठवड्यानं खोकं आलं. अंगणात उघडलं, पायपंप मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. होडी फुगून उभी राहिली तेव्हा शेजारीण कुंपणावरून बघत होती. "काय भावोजी, वाढदिवस हाय काय कोणाचा? फुगे लावताव ते?"

"तुझ्या सासऱ्याचा," मी म्हटलं.

होडी छान होती. निळी. वजनाला तांदळाच्या लहान पोत्याएवढी. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पातं. मी सगळीकडनं हात फिरवला. आणि मग मी शहाणपणा केला.

नवी होडी तेल न पाजता खाऱ्या पाण्यात घालायची नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. कापड असो नाहीतर लाकूड, खारं पाणी सगळ्याला खातं. माळ्यावर जुना डबा होता. होडी पालथी घातली, हाताला खोबरेल लावलं, चिंध्यांचा बोळा केला आणि बुडाला काजूचं तेल दिलं. जोडांवर दोन-दोन हात दिले, जोड कच्चे असतात म्हणून. काम करताना मला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. बाजूंनाही लावणार होतो, पण डबा संपला. संपला म्हणून वाचलो.

तीन दिवस वाळत ठेवली. चौथ्या दिवशी हात लावला तर बूड चिकट, गुळाच्या काकवीसारखं. पंप मारला, बाजू फुगल्या, बूड फुगेना. जोडाला कान लावला, सूं सूं हवा जात होती. तेलानं डिंक खाल्ला होता. पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं वास घेतला नि म्हणाला, "काका, यावर काय ठिगळ बसणार नाय. ह्यो काय लावलाव?" सांगितलं. तो हसला नाही, बिचारा. "माझ्या आज्यानं पण हेच केलं असतं," म्हणाला.

मुलीला सांगितलं नाही. तिला हे वाचूनच कळेल.

बाजूचे दोन कप्पे धड होते. बुडाचं काहीतरी करायला हवं होतं. मिरकरवाडा बंदरातनं मासे घेऊन टेंपो येतो, त्याच्याकडनं थर्माकोलच्या खोक्यांची चार झाकणं मागून घेतली. कोयत्यानं कापून बुडात बसवली. बांगड्याचा वास येत होता, पण त्यावर बसलो तर माझं बूड ओलं होण्यापलीकडं काही होत नव्हतं. काठालगत कंबरभर पाण्यात दोन दिवस बसून बघितली. तरली.

मग भांगाची वाट बघितली. अष्टमीला सकाळी जाकीट घालून फोटो पाठवला. मुलीचं उत्तर आलं, "पोट आत घे." पाठीवर होडीची पिशवी, काखेत झाकणं, हातात कळशी, दोरी आणि पाणी शेंदायचा डोल, असा मी एकशे बारा पायऱ्या उतरलो.

होडी फुगवून मागच्या जागेवर बसलो. ती बसायची ती जागा. तर होडीचं नाक वर उचललं गेलं, वाऱ्यानं तोंड फिरलं, आणि म्हातारा खाडीच्या मधे गिरकी घेतो आहे. या वेळी पलीकडं हसायला कोणी नव्हतं. मग कळलं, पुढं वजन पाहिजे. कळशी खाडीच्या खाऱ्या पाण्यानं भरली आणि पुढच्या जागेवर ठेवली. नाक खाली आलं. हात थांबवले. कमरेनं वळलो. डावीकडं, उजवीकडं. दोन पात्यांचं वल्हं, पण भात झोडायचाच प्रकार. होडी सरळ निघाली.

जुव्यावर उतरलो तेव्हा विजार पार भिजलेली. घरांची कौलं खाली आलेली, भिंती होत्या. तिच्या घराच्या मागच्या दाराची चौकट उभी होती, दार नव्हतं. विहिरीत डोकावलो. पाणी होतं. पानं बाजूला सारून डोल सोडला, ओढला, ओंजळीनं प्यायलो.

मचूळ. जवळजवळ खारं.

मी तिथंच कठड्यावर बसलो. खाडीच्या बाजूचा कठडा ढासळलेला होता, उधाणाचं पाणी तिथनं आत येत असणार, किती वर्षं देव जाणे. म्हणजे ती मागत होती तेव्हा मी आणलं असतं तरी हेच आणलं असतं. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लाज वाटली. ती खारं पाणी प्यायली असती आणि म्हणाली असती, कठडा पडला वाटतं. तिला कळलं असतं. आणि तिनं मला विहीर उपसायला लावली असती.

कारण ती विहीर दर वर्षी उपसायचे. शिमग्याच्या आधी, घरटी एक माणूस. जुनं पाणी सगळं बाहेर काढायचं, गाळ काढायचा, मग झरे मोकळे होतात नि गोडं येतं. लग्नानंतर एकदा मीही उपसायला होतो. ती वर उभी राहून डोल मोजत होती आणि मला मुद्दाम चुकीचा आकडा सांगून दोन डोल जास्त काढायला लावत होती.

त्या दिवशी चाळीस डोल काढले. रिकामीच कळशी घेऊन कसं जाणार, नाक उचलतं, म्हणून ते मचूळ पाणीच भरून आणलं नि झाडांना घातलं.

पुढच्या भांगाला पुन्हा गेलो. दगड आणि चिखल घेऊन कठडा बुजवला. डोल काढले. त्याच्या पुढच्या भांगाला पुन्हा. एका भांगात जमतील तेवढे दिवस जायचो. हळूहळू जायचं, डोल काढायचे, चौकटीत बसून भाकरी खायची, परतायचं. कधी काही न करता नुसताच जुव्याला वळसा घालून यायचो. कालवांच्या खडकापाशी ती कुठं उतरायची, तिच्या शाळेला जायची होडी कुठं लागायची, सगळं तिनं मला दाखवलेलं होतं. मी तेव्हा हो हो म्हणायचो. आता बघितलं. एक गोष्ट मला सापडली नाही. खेकड्यांची बिळं असलेली एक कपार, ती नेहमी सांगायची. कपार कुठं ते विचारायला आता माणूस नाही.

पौष संपत आला तेव्हा पाणी पुष्कळ निवळलं होतं. गोडं नाही. पण जिभेच्या मागं खारटपणा राहायचा, पुढं नाही. मला वाटलं होतं वर्षश्राद्धापर्यंत गोडं होईल. झालं नाही. आदल्या दिवशी गेलो, पुन्हा चाखलं. तेवढंच. भरलं, आणलं.

मुलगी आली होती. तिनं तांब्यातनं घोट घेतला.

"खारट आहे, बाबा."

"जरा."

"हे आईच्या पानावर ठेवणार?"

"मग काय ठेवू? बाटलीचं?"

तिनं पुन्हा एक घोट घेतला. मग म्हणाली, "लहानपणी मामाकडं जायचो तेव्हा असं नव्हतं."

"नव्हतं."

पानावर ते पाणी ठेवलं. तिला पाणी दिलं असं मी म्हणणार नाही. तिला पाहिजे होतं तेव्हा दिलं नाही, ते नाहीच. हे दुसरं. हे मी माझ्यासाठी आणलं.

कार्य आटोपलं. दोन दिवसांनी मुलगी निघाली. मी पायऱ्या उतरायला लागलो, पाठीवर पिशवी बघून ती म्हणाली, "आता कुठं? पाणी आणलंस ना? झालं की."

"झरे अजून पुरते सुटले नाहीत," मी म्हटलं. "पन्नास-साठ डोल काढायला हवेत."

"आणि ते गोडं झालं तर? तिथं पिणार कोण?"

मी म्हटलं, "तू येशील तेव्हा पी."

ती म्हणाली, "मे महिन्यात येते. होडीत दोघांची जागा आहे ना?"

"पुढं बसायचं," मी म्हटलं. "आणि विजार जुनी घालून ये."

"का?"

"येशील तेव्हा सांगतो."